भांगाचा रविवार

नोकरदार माणसाला आठवड्यात एकच रविवार मिळतो आणि समुद्राला रविवार ठाऊक नसतो. शनिवारी रात्री गळ, तंगूस, शिसे पिशवीत भरून होते, पहाटेचा गजर लावून होतो आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर जाते, तर तिथे नेमकी अष्टमी किंवा नवमी! शेजारचा जाणकार लगेच सांगतो, ‘अहो, उद्या भांग. पाणीच नाही. कशाला उगाच झोपमोड करता?’ पिशवी पुन्हा माळ्यावर जाते. पुढच्या रविवारी उधाण असते, तर वारा सुटलेला असतो. त्याच्या पुढच्या रविवारी आभाळ भरून आलेले असते. अशा रीतीने सगळे काही मनासारखे जुळून येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा गळ वर्षातून चार वेळाही पाण्यात पडत नाही.

किनाऱ्यावरचा अनुभवी माणूस अशी वाट पाहत बसत नाही. पाणी बरे नसेल, तर तो जागा बदलतो, वेळ बदलतो, आमिष बदलतो. आणि काही दिवशी मात्र तो पाण्याकडे एकदा पाहून सरळ घरी परततो. या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

उधाण आणि भांग

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते, जास्त उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ काटकोनात पडते. एकाची ओढ दुसऱ्याची काही अंशी मारून टाकते, भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही. हा भांग. दोन्हींचा खरा जोर तिथीच्या दिवशी न दिसता एक-दोन दिवस उशिरा दिसतो. म्हणून पाणी सर्वांत मंद वाटते ते बहुधा नवमी-दशमीला.

एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत सुमारे पावणेपंधरा दिवस जातात. दोन रविवारांत सात दिवसांचे अंतर असते. म्हणजे या रविवारी उधाण असेल, तर पुढचा रविवार भांगाच्या आसपास येणार आणि त्याच्या पुढचा पुन्हा उधाणाजवळ. थोडक्यात, फक्त रविवारीच मोकळा असणारा माणूस भांग टाळू लागला, तर त्याचे जवळजवळ निम्मे रविवार बाद झाले!

डोल जाळे लावणाऱ्या कोळी बांधवांची गोष्ट वेगळी. त्यांचे जाळे एका जागी बांधलेले असते, तोंड प्रवाहाकडे असते आणि बोंबील, जवळा, मांदेली पाण्याच्या जोराने त्यात येतात. जोरच नसेल, तर जाळे काय करणार? म्हणून भांगात या होड्या बऱ्याचदा किनाऱ्याला असतात आणि माणसे जाळी दुरुस्त करीत बसतात. ‘भांगात पाणी नाही’ हे वाक्य खरे आहे, पण ते मुळात जाळ्याचे वाक्य आहे. गळाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. जाळे माशाची वाट पाहते. गळ माशाकडे नेता येतो.

पाऊणपटीचा हिशेब

मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी युक्ती आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती मुंबईपेक्षा आधी येते. उलट खाडीत जितके आत जावे, तितकी ती उशिरा पोहोचते.

हा अंदाज झाला. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी तर १८७८ पासूनच्या आहेत. कोष्टक पाहताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. भांगाच्या दिवशीसुद्धा दोहोंपैकी एका वेळी पाण्याची चढ-उतार दुसरीपेक्षा बरीच जास्त असू शकते. हौशी माणसाने ती वेळ गाठावी. ‘आज भांग’ एवढे ऐकून घरी बसणाऱ्याला हे कळतच नाही.

आता पाणी सहा तासांत कसे चढते, तेही पाहू. ते एकसारखे चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा साधारण हिशेब बसतो. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच हलते. समजा उधाणात पाणी ४ मीटर चढणार आहे, तर त्यांतले २ मीटर मधल्या दोन तासांत. भांगात चढ फक्त १.२ मीटर असेल, तर त्यांतले ६० सेंटिमीटर मधल्या दोन तासांत आणि उरलेल्या चार तासांत मिळून तेवढेच. उधाणात कोणत्याही वेळी गेले तरी पाणी थोडेफार धावत असते. भांगात मात्र मधले दोन तास चुकले की सगळे चुकले.

गंमत अशी, की उत्तर कोकणात हे दोन तास सोयीचे पडतात. पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास भरती पूर्ण होते, म्हणजे सकाळी आठ ते दहा पाणी जोरात चढत असते. अष्टमीला सकाळी सहाला भरती संपते, म्हणजे त्याच आठ ते दहाच्या वेळी पाणी उतरत असते. दशमीला हीच वेळ साडेनऊ ते साडेअकरा अशी पुढे जाते आणि दुपारची चढती वेळ साडेतीन ते साडेपाचवर येते. उन्हे कलती होत असताना पाणी चढणे, ही तर भांगाची खास देणगी.

पाणी कुठे धावते?

मासा पाण्याच्या प्रवाहाशी बांधलेला असतो, कारण त्याचे खाणे प्रवाहाबरोबर येते. शिकार करणारा मासा प्रवाहात पोहत दमत नाही. तो आडोशाला उभा राहतो आणि समोरून काय वाहत येते ते पाहतो. भांगात प्रवाह सगळीकडे मंदावतो, पण सगळीकडे सारखा मंदावत नाही. जिथे रुंद पाण्याला अरुंद जागेतून जावे लागते, तिथे ते भांगातही धावते.

अशा जागा ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. खाडीवरच्या पुलाचे खांब, जेट्टीची टोके, दोन खडकांमधली फट, मुख्य खाडीला मिळणाऱ्या लहान ओहोळाचे तोंड, खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्याची कड. पाण्यावर वाळलेले पान टाकून पाहावे. ते जागच्या जागी फिरत राहिले, तर पुढे चालावे. सरळ निघून गेले, तर तिथे पिशवी ठेवावी.

मालवणकडे नातवाने आदल्या रात्री विचारावे, ‘आजोबा, उद्या गरवूक जाऊया काय?’ आणि आजोबांनी उत्तर द्यावे, ‘उद्या भांग आसा. भायर पाणी धावणा नाय. पुलाखाली बसूया.’ एवढ्या तीन वाक्यांत भांगाचे सगळे शास्त्र आले.

भांगात आणखी एक फरक पडतो. उधाणाचे पाणी कांदळवनात, चिखलाच्या सपाटीवर दूरवर पसरते आणि मासेही त्याच्यामागे तिथे जातात. भांगात पाणी तेथपर्यंत पोहोचतच नाही. मग मासे जातात कुठे? ते खाडीच्या खोल पट्ट्यात, पुलाखालच्या डोहात, खडकाच्या कपारीत राहतात. म्हणजे उधाणात विखुरलेला मासा भांगात थोड्या जागी गोळा झालेला असतो. तो कमी खातो, सावकाश खातो, पण असतो कुठे ते सांगता येते.

बारीक तंगूस, हलके शिसे

मुंबई, ठाणे, रायगडच्या खाड्यांचे पाणी एरवी चहासारखे गढूळ असते, कारण जोराचा प्रवाह तळाचा गाळ ढवळून काढतो. भांगात गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. निवळलेल्या पाण्यात माशाला आमिष दिसते, तशी जाड तंगूसही दिसते. म्हणून भांगाच्या दिवशी तंगूस बारीक घ्यावी, गळ एक नंबर लहान लावावा आणि शिसे जेमतेम तळ धरील इतकेच हलके ठेवावे. आमिष प्रवाहाबरोबर थोडे सरकले पाहिजे. जड शिशाने ते एका जागी खिळले, तर मंद पाण्यात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

आमिषांत जिवंत कोळंबी सर्वांत सरस. ती स्वतः हलते, त्यामुळे पाणी हलत नसले तरी काम होते. तांबोशी आणि जिताडा हे हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालणारे मासे. तांबोशी कपारीशी राहते आणि तिन्हीसांजेला बाहेर येते. गळाला लागताच ती पुन्हा कपारीत घुसते, तेव्हा पहिल्या क्षणी ढील दिली तर तंगूस खडकावर कापलीच म्हणून समजावे.

पाणी अगदीच थांबले, तर मोठ्या माशाचा नाद सोडून द्यावा. धक्क्याच्या भिंतीला, जुन्या खांबांना शेवाळ धरलेले असते. तिथे काळुंदर आणि बोय चरत असतात. लहान गळ, वर बूच आणि टोकाला कणकेची वाटाण्याएवढी गोळी. मुले बरोबर असतील, तर त्यांना हा खेळ फार आवडतो आणि रविवारही वाया जात नाही.

उधाणाचाही त्रास असतो

उधाण म्हणजे चांगले पाणी, ही समजूतही अर्धीच खरी. मोठ्या उधाणात प्रवाह इतका जोराचा असतो, की शिसे तळाला राहत नाही आणि गळावर मासा येण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गवत येते. जड शिसे लावून प्रवाहाशी झुंजण्यात अर्थ नसतो. मासाही झुंजत नाही. तो पुलाच्या खांबामागे, खडकाच्या पाठीशी, जिथे पाणी उलटे फिरते तिथे विसावतो. गळ तिथेच पडला पाहिजे.

दुसरी युक्ती वेळेची. भांगात मधले दोन तास धरायचे, तर उधाणात कडेचे. भरती पूर्ण होण्याआधीचा शेवटचा तास आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास, या वेळी प्रवाह आवरता असतो. ओहोटी लागली की कांदळवनात शिरलेली लहान बोय आणि कोळंबी छोट्या ओहोळांतून परत मुख्य खाडीत येऊ लागते. त्या ओहोळाच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. खारेपाटातल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. अलिबाग-पेण भागात तर घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीतच आहे.

वारा पाहून पाठ द्यावी

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. गळ टाकणाऱ्याला ते खरोखर उपयोगी पडतात. पावसाळा सोडला तर कोकणात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याचे पाणी शांत असते. दुपारनंतर खारा वारा सुटतो, लाटा उठतात आणि फेकलेला गळ निम्म्या अंतरावर पडतो. म्हणून उघड्या किनाऱ्यावरचे काम सकाळी उरकावे आणि दुपारी खाडीत किंवा डोंगराच्या आडोशाला जावे.

थोडा वारा आणि थोड्या लाटा मात्र वाईट नसतात. लाटा किनाऱ्याची वाळू उकरतात, त्यातले किडे आणि शिंपले मोकळे होतात आणि फेसाच्या पट्ट्यात रावस, शिंगाळा यांसारखे मासे उथळ पाण्यापर्यंत येतात. फेसामुळे त्यांना माणूस दिसत नाही. अशा वेळी लांब फेकण्याची हौस नको. पहिली लाट फुटते आणि दुसरी उठते, त्यांमधल्या खोलगट पट्ट्यात गळ पडला तरी पुरे. वाऱ्याने तंगुशीला झोळ पडतो आणि मासा ओढतो ते हाताला कळत नाही. काठीचे टोक खाली, पाण्याकडे धरावे म्हणजे झोळ कमी होतो.

ढगाळ हवेला बरेच जण नावे ठेवतात. वस्तुतः भर उन्हात खोल जाणारा मासा ढगाळ दिवशी उथळ पाण्यात जास्त वेळ राहतो. नाराज व्हायचे कारण ढग नसून विजा हे असले पाहिजे. आजकालच्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते. पहिला गडगडाट ऐकताच काठी खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावे.

पावसाचे गढूळ पाणी

जून-जुलैत नद्यांचे लाल पाणी खाडीत उतरते आणि सगळे चित्र बदलते. गोडे पाणी हलके, ते वर राहते. खारे पाणी जड, ते खालून सरकते. वरवर पाहिले तर सगळी खाडी नदी झालेली दिसते, पण तळाशी खारे पाणी शिल्लक असते. खाऱ्या पाण्यावाचून न राहणारे मासे खाडीच्या आतून मुखाकडे सरकतात. म्हणून एप्रिलमध्ये जी जागा हमखास होती, ती जुलैत रिकामी असते. पावसाळ्यात मुखाकडे जावे आणि आमिष तळाला ठेवावे.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. तिथे दोन गोष्टी चालतात, वास आणि हालचाल. शिंगाळा आणि शेंगटी मिशांनी आणि वासाने खाणे शोधतात. त्यांच्यासाठी बांगड्याचा किंवा तारलीचा रक्ताळलेला तुकडा जिवंत कोळंबीपेक्षा भारी ठरतो. तुकडा दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावा, कारण पाण्याने धुऊन वास गेला की तो नुसता चोथा उरतो. इतर माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिच्यामुळे त्यांना पाण्यातली बारीक थरथर जाणवते. म्हणून गढूळ पाण्यात आमिष मोठे आणि पाणी ढवळणारे असावे. निवळ पाण्यात जे नियम, त्यांच्या बरोबर उलट!

शिंगाळा गळावरून काढताना जपावे. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांवर विषारी काटे असतात. पाकटीच्या शेपटीवरही असाच काटा असतो. तो लागल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरल्याने ठणका कमी होतो. त्यानंतर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

हेच दिवस माशांच्या विणीचेही असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काठावरच्या गळाला ही बंदी नसली, तरी तिचा हेतू त्यालाही कळायला हवा. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे गळाला लागलेला भला थोरला जिताडा बहुधा अंड्यांनी भरलेली मादी असते. उलट फारच लहान मासा एकदाही न विता संपतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली ती याचसाठी. लहान सापडला तर ओल्या हाताने धरून हळूच पाण्यात सोडावा.

किनारा तितके पाणी

या पानाचे वाचक केवळ कोकणात नाहीत. नोकरीच्या निमित्ताने भावनगरला, कोचीला, चेन्नईला राहणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांना कोकणचा हिशेब जसाच्या तसा चालणार नाही.

खंबातच्या आखातात भावनगरजवळ उधाणाला पाणी १० मीटरहून अधिक चढते-उतरते. जहाजे ओहोटीत तळाला टेकू नयेत म्हणून भावनगर बंदराला पाणी अडवून धरणारा दरवाजा बांधावा लागला. तिथे भांग हाच हौशी माणसाचा खरा मुहूर्त. उधाणात तिथल्या चिखलाच्या सपाटीवर पायी उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण पाणी परत येते ते माणसाच्या चालण्यापेक्षा वेगाने.

चेन्नईला सगळी चढ-उतार मीटरभराच्या आसपास. तिथे उधाण-भांगापेक्षा वारा कोणत्या दिशेचा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह कोणीकडे, हे पाहून लोक जागा ठरवतात. कोचीलाही भरती जेमतेम मीटरभराची. पण फोर्ट कोचीची प्रसिद्ध चिनी जाळी कुठे उभी आहेत ते पाहावे. बॅकवॉटरचे सगळे पाणी ज्या अरुंद मुखातून समुद्रात ये-जा करते, बरोबर त्या मुखाशी! भरती लहान असली, तरी तिथे पाण्याला धावावेच लागते. मालवणच्या आजोबांनी पुलाखालची जागा निवडली, त्यामागचे कारण आणि कोचीच्या जाळ्यांचे कारण एकच आहे.

परतीचे पाणी

आता सर्वांत महत्त्वाचे. मंद पाणी, गढूळ पाणी, वाऱ्याचे पाणी, या सगळ्यांवर उपाय आहेत. पण काही पाण्यावर एकच उपाय असतो, तो म्हणजे घरी जाणे. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी खडकावरून ओढले गेल्याची बातमी येते. त्यात पोहता येणारे लोकही असतात.

खडकावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. लाटा सारख्या येत नाहीत. दहा-बारा लहान येतात आणि मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक येतात. जिथे उभे राहायचे तो दगड ओला असेल, तर मोठी लाट तिथवर येऊन गेलेली आहे, हे दगडच सांगत असतो. समुद्राकडे पाठ करून आमिष लावू नये. ओहोटीत ज्या वाटेने खडकाच्या टोकाशी गेलो, ती वाट भरतीत आधी बुडते आणि पुढचा खडक मागाहून बुडतो, हे लक्षात ठेवावे. म्हणून पाणी फिरण्याची वेळ घरून निघतानाच चिठ्ठीवर लिहावी आणि घरच्यांनाही सांगून ठेवावी, ‘अमुक जागी आहे, अमुक वाजता निघणार.’ भरती निम्मी झाली की, मासा लागत असला तरी, उठावे.

लहान होडीतून खाडीच्या मुखाशी जाणाऱ्यांनी उधाणाची ओहोटी आणि समोरून येणारा खारा वारा यांची गाठ टाळावी. पाणी बाहेर धावत असते, वारा ते आत रेटत असतो आणि वाळूच्या दांड्यावर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तासाभरापूर्वी तळ्यासारखी असलेली जागा ती हीच का, असा प्रश्न पडतो.

आणि आभाळ निरभ्र, वारा पडलेला, म्हणून समुद्र सुरक्षित, असेही नाही. केरळात ‘कळ्ळकडल’ असा शब्द आहे. कळ्ळकडल म्हणजे चोर समुद्र. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होते, त्याच्या लांब लाटा काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येतात आणि इथे वाऱ्याची झुळूक नसताना पाणी अचानक आत घुसते. २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा ही संस्था आणि हवामान खाते अशा उंच लाटांचा इशारा आधी देतात. शनिवारी रात्री तिथीबरोबर तोही पाहून घ्यावा. इशारा असेल, तर पिशवी माळ्यावरच बरी.

हे सगळे सांभाळूनही एखाद्या दिवशी टोपली रिकामी येते. तरी त्या दिवशी पाणी कधी फिरले, कुठे धावले, किती निवळले, वारा कोणत्या बाजूचा होता आणि कोणत्या आमिषाला निदान टोच लागली, एवढे पाच शब्द त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावेत. सहा महिने असे लिहिले, की भिंतीवरचे कॅलेंडर आपल्या खाडीचे पंचांग होते आणि त्यात भांगाचे रविवारही कामाचे निघतात. बाजारातून मासळी आणायची वेळ आली, तर तीही आणावी. घरी कोणी विचारत नाही आणि विचारले, तर ‘आज भांग होता’ हे उत्तर तयार असतेच!